हात्सुने मिकू, व्होकलॉइड आणि जपानी पॉपमधले आभासी गायक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बारा वर्षं मी ही गाणी ऐकतोय आणि त्यातली चार वर्षं स्वतः घरी बसून असा आवाज गाता करायचा प्रयत्नही करतोय. कुणाला एखादं गाणं ऐकवलं की ठरावीक प्रश्न येतातच: ही कोण? खरी आहे का? मग गातं कोण? ती सगळी उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवतोय.

हात्सुने मिकू म्हणजे नेमकं कोण?

मूळ पाहिलं तर ते दुकानात विकायला आलेलं एक सॉफ्टवेअर आहे. जपानच्या उत्तरेला होक्काइदो बेटावर साप्पोरो शहर आहे, तिथल्या क्रिप्टन फ्युचर मीडिया या कंपनीने 31 ऑगस्ट 2007 रोजी ते बाजारात आणलं. संगीतकाराने सुरावट आणि शब्द भरायचे, सॉफ्टवेअरने ते गाऊन दाखवायचे. खोक्यावर चित्रकार केइ यांनी काढलेली एक मुलगी होती. निळसर हिरव्या, घोट्यापर्यंत पोचणाऱ्या दोन शेंड्या आणि दंडावर 01 हा आकडा. कंपनीने तिच्याबद्दल फारच थोडं सांगितलं: वय 16, उंची 158 सेंटिमीटर, वजन 42 किलो. घर, आईवडील, स्वभाव यातलं काहीही ठरवलं नाही. पुढे जे घडलं, त्याची किल्ली माझ्या मते या मोकळ्या सोडलेल्या जागेतच आहे.

तिच्या नावातच भविष्य आहे. हात्सु म्हणजे पहिला, ने म्हणजे नाद आणि मिकू हा 'भविष्य' या अर्थाच्या शब्दाचा एक उच्चार. भविष्यातून आलेला पहिला सूर. तिच्या पोशाखाचे रंग आणि बाहीवरची बटणं मात्र भूतकाळातली आहेत. ती यामाहाच्या 1983 सालच्या डीएक्स 7 या सिंथेसायझरवरून, म्हणजे विजेवर सूर तयार करणाऱ्या वाद्यावरून, घेतली आहेत.

मग आवाज कुणाचा? यंत्राचा की माणसाचा?

माणसाचा. साकी फुजिता या आवाज-अभिनेत्रीचा. त्यांनी गाणी गाऊन दिलेली नाहीत, सुट्या ध्वनींच्या अर्थहीन माळा म्हणून दिल्या आहेत. सॉफ्टवेअर त्या माळांमधून हवे ते तुकडे उचलतं, एकमेकांना जोडतं आणि सांगितलेल्या पट्टीवर ताणतं. हे जोडकाम करणाऱ्या तंत्राचं नाव व्होकलॉइड. ते यामाहाचं. त्याचं संशोधन 2000 साली हिदेकी केनमोची यांच्या नेतृत्वाखाली, बार्सेलोनाच्या पोंपेउ फाब्रा विद्यापीठाच्या साथीने सुरू झालं. 2004 मध्ये पहिले आवाज विक्रीला आले ते इंग्रजी होते. त्याच वर्षी मेइको हा पहिला जपानी आवाज आला आणि 2006 मध्ये काइतो हा पुरुषी आवाज. मिकू आली ती या तंत्राच्या दुसऱ्या आवृत्तीवर.

म्हणून 'मिकू म्हणजे एआय का?' याचं उत्तर, निदान 2007 च्या मिकूसाठी, नाही असं आहे. त्यात स्वतः शिकणारं काहीच नव्हतं. सूर कुठे लावायचा, शब्द किती ओढायचा, आवाज कुठे थरथरवायचा, हे सगळं माणूस हाताने भरत होता.

हाताने भरायचं म्हणजे काय करायचं?

पडद्यावर डाव्या बाजूला उभी पियानोची पट्टी दिसते आणि उजवीकडे चौकटींचा कागद. चौकटीत एक आडवी वीट ओढायची. वीट जितकी लांब, तितका वेळ सूर आणि जितकी वर, तितका सूर चढा. प्रत्येक विटेवर एक अक्षर लिहायचं. 'साकुरा' गायचं असेल तर तीन विटा: सा, कु, रा. मग वाजवायचं. पहिल्यांदा जे ऐकू येतं ते रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेसारखं सपाट असतं.

खरं काम इथून पुढे. 'रा' वर ठहराव हवा असेल तर वीट लांबवायची आणि उत्तरार्धात कंप सुरू करायचा. पण सुरुवातीपासूनच कंप दिला तर आवाज शेळीसारखा वाटतो. 'कु' किंचित खालून वर आणला तर लाडिक होतो. दोन ओळींच्या मध्ये श्वासाचा आवाज टाकायचा की नाही, हाही निर्णय असतो. माझी एक ओळ, जेमतेम सहा सेकंदांची, मनासारखी व्हायला दोन रात्री लागल्या होत्या. या कामाला जपानीत 'चोक्यो' म्हणतात. मूळ अर्थ जनावराला वळण लावणं. आपल्याकडचा रियाज गळ्याचा असतो, इथे तो बोटांचा आणि कानांचा असतो.

जपानी भाषा या तंत्राला फार सोयीची पडली. तिच्यात स्वर पाचच: अ, इ, उ, ए, ओ. बहुतेक अक्षरं म्हणजे एक व्यंजन आणि एक स्वर. एका ध्वनीतून दुसऱ्यात जातानाचे जोड तुकडे जपानीसाठी साधारण 500 पुरतात, तर इंग्रजीसाठी सुमारे 2500 लागतात. आणि ही गोष्ट मराठी माणसाला मी मुद्दाम सांगतो: जपानी अक्षरमालेचा क्रम अ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा असा आहे. आपल्या बाराखडीशी नातं वाटतं ना? ते आहेच. बौद्ध भिक्षूंनी संस्कृत वर्णमालेचा अभ्यास जपानात नेला आणि त्यावरून हा क्रम बसला.

मिकू मराठी गाऊ शकते का?

जपानी आवाजपेटी, म्हणजे जपानी ध्वनींच्या तुकड्यांचा साठा, वापरून जवळपास पोचता येतं. मी प्रयोग म्हणून एक साधी ओळ भरली होती: 'झोप ना बाळा'. जपानीत ळ नाही आणि ल-र हा भेदही नाही, त्यामुळे 'बाळा' चं झालं 'बारा'. शब्दाच्या शेवटी नुसतं व्यंजन चालत नाही म्हणून 'झोप' चं झालं 'जोपु'. ख, घ, ठ, भ हे महाप्राण मिळतच नाहीत. ध्वनींच्या पातळीवर जाऊन 'पु' मधला 'उ' छाटता आला, पण 'ळ' काही केल्या मिळाला नाही. मराठी आवाज नीट हवा असेल तर तो मराठी बोलणाऱ्या गळ्यातूनच ध्वनिमुद्रित व्हायला हवा, आणि असं कुणी करावं ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

जपानला हे 2007 मध्ये अचानक सुचलं का?

छे. जपानी संगीतात यंत्राचं आकर्षण त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. संगीतकार इसाओ तोमिता यांनी 1974 मध्ये फ्रेंच संगीतकार द्यबुसीच्या रचना मूग सिंथेसायझरवर, एकेक थर चढवत, एकट्याने उभ्या केल्या. 1978 मध्ये हारुओमी होसोनो, युकिहिरो ताकाहाशी आणि र्युइची साकामोतो यांनी यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा स्थापन केला. पुढच्याच वर्षी त्यांच्या 'टेक्नोपोलिस' मध्ये यंत्रातून गाळलेला आवाज 'तोकियो' म्हणतो. शहर स्वतःच बोलतंय असं वाटतं. लोखंडी, चकचकीत, उद्याचं तोक्यो.

गायिकाच काल्पनिक असावी ही कल्पनाही जुनी आहे. 1996 मध्ये होरिप्रो या नामांकित संस्थेने क्योको दाते नावाची संगणकावर घडवलेली गायिका आणली. ती टिकली नाही. तिच्या वेळचं तंत्र तोकडं होतं हे खरं, पण मला दुसरं कारण जास्त पटतं: क्योको दाते पूर्ण घडवून लोकांसमोर ठेवली होती. लोकांना करण्यासारखं काही शिल्लकच नव्हतं.

तोमितांची गोष्ट इथे संपत नाही. 2012 मध्ये, वयाच्या 80 व्या वर्षी, त्यांनी कवी केंजी मियाझावा यांच्या कल्पनेतल्या 'ईहातोव्ह' या प्रदेशावर सिम्फनी रचली आणि एकल गायिका म्हणून मिकूला घेतलं. वाद्यवृंद जिवंत, समूहगान जिवंत, कंडक्टर जिवंत. नेहमी अशा कार्यक्रमात माणसं यंत्राच्या ठेक्यामागून चालतात. इथे उलट व्यवस्था केली होती, म्हणजे कंडक्टरची छडी मंदावली की मिकूही मंदावणार. ज्या माणसाने यंत्राला गळा नसताना त्याच्याकडून संगीत काढलं, त्याने शेवटी यंत्राला माणसाच्या हातामागून गायला लावलं. या सगळ्या इतिहासातला माझा सर्वांत आवडता प्रसंग हाच.

ती एवढी लोकप्रिय का झाली?

वेळ जुळून आली. निकोनिको दोगा हे व्हिडिओचं संकेतस्थळ डिसेंबर 2006 मध्ये सुरू झालं होतं. तिथे प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया व्हिडिओवरूनच सरकत जातात, त्यामुळे घरी एकटं बसूनही गर्दीत बसल्यासारखं वाटतं. मिकू आल्यावर काही दिवसांतच कुणीतरी फिनलंडच्या एका जुन्या पोल्का गाण्याला तिचा आवाज दिला आणि चित्रात तिच्या हातात नेगी, म्हणजे जपानी पातीचा कांदा, फिरवायला दिला. कांदा कायमचा चिकटला. कंपनीने ठरवलेला नव्हता, लोकांनी दिला आणि कंपनीने मान्य केला.

7 डिसेंबर 2007 ला र्यो या संगीतकाराचं 'मेल्ट' आलं. तोवरची बरीच गाणी 'मी आहे मिकू, मला गायला लाव' अशा धाटणीची होती. 'मेल्ट' मध्ये प्रेमात पडलेली एक साधी मुलगी आहे. ऐकणाऱ्यांच्या लक्षात आलं की हा आवाज स्वतःबद्दलच नाही, कशाबद्दलही गाऊ शकतो. मग शेकडो लोकांनी तेच गाणं स्वतःच्या गळ्यातून गाऊन टाकलं. या प्रकाराला जपानीत 'उतात्ते मिता' म्हणतात आणि मराठीत त्याचं शब्दाला शब्द भाषांतर होतं: 'गाऊन पाहिलं'.

क्रिप्टनचा एक निर्णयही मोलाचा होता. तिची चित्रं काढणाऱ्या चाहत्यांवर कंपनीने नोटिसा बजावल्या नाहीत. डिसेंबर 2007 मध्येच पियाप्रो नावाचं संकेतस्थळ उघडून दिलं. चाल एकाची, शब्द दुसऱ्याचे, चित्र तिसऱ्याचं, आणि नफ्यासाठी नसेल तर वापरायला मुभा, फक्त मूळ कलाकाराचं नाव सांगायचं आणि आभार मानायचे.

गाण्यांखाली नावापुढे 'पी' का लिहितात?

'पी' म्हणजे प्रोड्युसर. व्होकलॉइडवर गाणी करणाऱ्याला 'बोकारो-पी' म्हणतात. पुष्कळ जण टोपणनावानेच वावरतात.

आणि 39 हा आकडा सगळीकडे का दिसतो?

जपानीत 3 ला 'मि' आणि 9 ला 'कु' असंही वाचतात, म्हणून 39 म्हणजे मिकू. शिवाय 'सान-क्यू' असं वाचलं तर ते 'थँक्यू' होतं. 9 मार्च हा त्यामुळे मिकूचा दिवस.

मैफलीत ती होलोग्राम असते ना?

नाही, जरी सगळे तसंच म्हणतात. रंगमंचाच्या मध्यभागी पारदर्शक पडदा उभा असतो आणि प्रोजेक्टरमधून त्यावर चित्र पडतं. मागचा अंधार पडद्यातून दिसत राहतो म्हणून ती हवेत उभी आहे असा भास होतो. गिटार, बास, ड्रम, कीबोर्ड वाजवणारे मात्र हाडामांसाचे असतात. 9 मार्च 2010 च्या तोक्योतल्या मैफलीने ही पद्धत जगाला दाखवली. पुढे 2011 मध्ये लॉस एंजेलिस, 2014 मध्ये जाकार्तापासून मिकू एक्स्पोचा दौरा, त्याच वर्षी लेडी गागाच्या कार्यक्रमाआधी सादरीकरण. 2024 च्या अमेरिकेच्या दौऱ्यात पारदर्शक पडद्याऐवजी साधा एलईडी पडदा लावला, तेव्हा चाहते रागावले, आणि ते मला समजू शकतं. मागचा अंधार दिसेनासा झाला की ती खोलीत असल्याची भावनाच जाते.

2012 मध्ये केइइचिरो शिबुया यांनी एक ऑपेरा केला, 'दी एंड'. त्यात रंगमंचावर माणूस गायक एकही नाही. मिकू स्वतःला विचारत राहते, मी मरेन का? पुढच्या वर्षी तो पॅरिसच्या शातले नाट्यगृहात झाला.

परफ्यूम हा गटही यातलाच का?

त्या तिघी खऱ्या आहेत, हिरोशिमाच्या. पण चित्र पूर्ण व्हायला त्यांचा उल्लेख हवाच. त्यांचं 'पॉलीरिदम' 12 सप्टेंबर 2007 ला आलं, मिकूनंतर बरोबर 12 दिवसांनी. एकीकडे यंत्र माणसासारखं गायला शिकत होतं, दुसरीकडे संगीतकार यासुताका नाकाता माणसांचे आवाज यंत्राच्या जवळ नेत होते. नृत्य मिकिको यांचं आणि तंत्र दाइतो मानाबे यांच्या रायझोमॅटिक्सचं. 2013 मध्ये फ्रान्समधल्या कान शहरातल्या जाहिरात महोत्सवात या तिघींच्या पांढऱ्या पोशाखांवर प्रकाशचित्रं पडली आणि त्या नाचत असताना ती चित्रं अंगावरून जराही सरकली नाहीत. हे साधायला नर्तकीची शिस्त संगणकाइतकीच नेमकी लागते.

आजच्या जपानी पॉपवर याचा परिणाम झाला का?

खूप, आणि तो फक्त आभासी गायकांपुरता नाही. केन्शी योनेझु आज जपानमधल्या सर्वांत मोठ्या नावांपैकी एक. 2009 पासून ते 'हाची' या नावाने व्होकलॉइडवर गाणी टाकत होते. 2012 मध्ये स्वतःच्या नावाने, स्वतःच्या गळ्याने गायला लागले. योआसोबी या जोडीतले आयासे हेही आधी बोकारो-पी. आदो ही गायिका घरच्या कपाटात बसून 'गाऊन पाहिलं' ध्वनिमुद्रित करत मोठी झाली. 2020 मध्ये तिचं गाजलेलं 'उस्सेवा' लिहिलं ते स्युदोऊ या बोकारो-पीने. चेहरा न दाखवता ती 2024 मध्ये तोक्योच्या राष्ट्रीय स्टेडियममध्ये गायली.

संगीतातच काय बदललं? मिकूला श्वास घ्यावा लागत नाही. त्यामुळे वोवाका, कॉस्मो यांच्यासारख्या बोकारो-पींनी माणसाला दम लागेल अशा गतीने शब्द ओतले, एका सुरावरून दूरच्या सुरावर उड्या मारल्या. लोक म्हणत, हे माणसाला गाता येणार नाही. मग शाळेतली मुलं तीच गाणी कॅराओकेत गाऊ लागली. त्या मुलांचे गळे त्या उड्यांवर तयार झाले, आणि आजच्या जपानी पॉपमध्ये जी धाप लागणारी गती आणि शब्दांची दाटी ऐकू येते, तिच्या मुळाशी बऱ्याच अंशी हेच आहे. वोवाका 2019 मध्ये अवघ्या 31 व्या वर्षी गेले. त्यांचं 'रोलिंग गर्ल' मी अजूनही एका बैठकीत दोनदा ऐकू शकत नाही, इतकं ते आत जातं.

जुन्या पिढीपर्यंतही हे पोचलं. एन्का, म्हणजे जुन्या वळणाची भावगीतं, गाणाऱ्या साचिको कोबायाशी यांनी 2015 च्या वर्षअखेरीस, अख्खा देश पाहतो त्या कोहाकु कार्यक्रमात मिकूचं 'सेंबोन्झाकुरा' गायलं.

व्हीट्यूबर आणि मिकू एकच का?

नाही. व्हीट्यूबरच्या चित्रामागे त्याच क्षणी एक जिवंत माणूस बोलत, गात, हसत असतो. किझुना आई 2016 च्या अखेरीस आली आणि हा शब्द रूढ झाला. होशिमाची सुइसेइ ही त्यातली खरी गायिका. 1 फेब्रुवारी 2025 ला तिने तोक्योतल्या निप्पॉन बुदोकान या मोठ्या सभागृहात एकल मैफल केली. मिकूमागे ठरावीक एक माणूस नाही, हजारो आहेत.

आवाज एकाचा आणि रूप दुसऱ्याचं, ही गोष्ट आपल्याला तरी नवीन वाटायचं कारण नाही. पार्श्वगायनावर वाढलेली माणसं आपण. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर मंडळी कळसूत्री बाहुल्या नाचवतात, तेव्हाही गाणारा मागेच असतो. जपानमध्ये बुनराकु बाहुलीनाट्यात निवेदक-गायक बाजूला बसतो आणि प्रेक्षक बाहुलीसाठी रडतात.

गेलेल्या गायकाचा आवाज परत आणणं योग्य आहे का?

गायिका हिबारी मिसोरा 1989 मध्ये गेल्या. 2019 मध्ये एनएचके या जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने यामाहाच्या एआय तंत्राने त्यांच्या आवाजात नवीन गाणं करवलं आणि त्या वर्षीच्या कोहाकुमध्ये ते दाखवलं. सभागृहात जुने चाहते रडले. गायक तात्सुरो यामाशिता यांनी मात्र याला उघड विरोध केला. मला यामाशितांचं पटतं. फुजितांनी आपला आवाज देताना तो कशासाठी आहे हे त्यांना माहीत होतं. मिसोरांना कुणी विचारू शकलं नाही.

कंपनीशिवाय असा गायक तयार होऊ शकतो का?

कासाने तेतोची गोष्ट ऐका. 1 एप्रिल 2008 ला एका जपानी चर्चामंचावरच्या मंडळींनी 'नवीन व्होकलॉइड येतंय' अशी एप्रिल फूलची थाप मारली. लाल, स्क्रूसारख्या पिळदार शेंड्यांची मुलगी, वय 31. थाप उघडी पडली, पण मुलगी आवडली होती. मग कुणीतरी खरोखर आवाज दिला आणि उताउ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती गाऊ लागली. पंधरा वर्षांनी, 2023 मध्ये, सिंथेसायझर व्ही या सॉफ्टवेअरवर तिचा व्यावसायिक आवाज विक्रीला आला. 2024 च्या 'मेस्मरायझर' मध्ये ती मिकूच्या बरोबरीने उभी आहे.

यंत्राच्या आवाजात भावना कशी असणार?

पेटीला भावना असते का? वाजवणाऱ्याला असते. मिकूचा आवाज किंचित कोरा असतो आणि त्या कोरेपणातच तिची ताकद आहे. गाणारी व्यक्ती मध्ये येत नाही, त्यामुळे लिहिणाऱ्याचं दुःख थेट ऐकणाऱ्यापर्यंत जातं. ज्याला गाता येत नव्हतं, गायक परवडत नव्हता, चारचौघांत बोलायची लाज वाटत होती, अशा कितीतरी जणांना तिच्यामुळे गळा मिळाला. मी स्वतः आयुष्यात कधी सुरात गायलो नाही. माझ्या चालीवर तिने म्हटलेली पहिली ओळ मी रात्री दोन वाजता हेडफोनवर ऐकली, तेव्हा डोळे भरून आले होते.

ऐकायला कुठून सुरुवात करू?

आधी 'मेल्ट', मग 'सेंबोन्झाकुरा'. ती आवडली की 'रोलिंग गर्ल'. त्यानंतर योनेझु यांनी मिकूच्या दहाव्या वर्षी, 2017 मध्ये, हाची या जुन्या नावाने परत येऊन केलेलं 'सुना नो वाकुसेइ' ऐका. नावाचा अर्थ वाळूचा ग्रह. पहिल्या ऐकण्यात शब्द कळणार नाहीत, त्याची फिकीर करू नका. दुसऱ्यांदा ऐकाल तेव्हा भाषांतर शेजारी उघडून ठेवा.